घेणाऱ्याचं घर

आमच्या घरमालकांकडे एक माणूस कायम येणार असायचा. नऊ वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले, तेवढ्या काळात तो काही आला नाही. पण घरात त्याचा मान जावयापेक्षा जास्त होता. भिंतीला कुठला रंग द्यायचा, अंगणात कुठलं झाड लावायचं, खिडकीला जाळी बसवायची की नाही, सगळं त्याच्या मर्जीनं. तो दिसायला कसा, वय काय, गाव कोणतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. काका त्याला नुसतं ‘घेणारा’ म्हणायचे. म्हणजे हे घर पुढं कधीतरी जो विकत घेईल, तो.

घर विकायचं होतं का? मुळीच नाही. अकोल्यात जठारपेठेतलं चांगलं पक्कं घर, खाली काका आणि काकू दोघंच, मुलगा पुण्याला. विकण्याचं नाव कुणी काढलं तर काका उलट चिडायचे.

“आता कोण इकून राहिलं? पण आज ना उद्या इकाचंच आहे. मी इकीन, नाहीतर माहा पोरगा इकीन. घर जलमभर कोणाजवळ राहिलं काय?”

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अमरावतीहून बँकेत बदली होऊन आले होते आणि खोली शोधत होते. काकांनी मला माडी दाखवली ती भाडेकरूला दाखवतात तशी नाही. टाकीचं झाकण उघडून दाखवलं, स्लॅबला हात लावून बघायला सांगितलं, मोरीत बादलीभर पाणी ओतून उतार बरोबर आहे हे सिद्ध केलं. मी म्हटलं, काका, मला फक्त भाड्यानं हवीय. ते म्हणाले, “समजते मले. पण उद्या घेणारा आला अन मी घरी नसलो, तं तुमालेच दाखवा लागन ना.” मग अटी. खोलीत एक खिळा होता. तो त्यांनी स्वतः जागा पाहून ठोकला होता आणि दुसरा ठोकायचा नाही असा नियम होता. भोकं पडलेली भिंत घेणाऱ्याच्या डोळ्यात खुपते म्हणे. नऊ वर्षं त्या एका खिळ्यावर मी कॅलेंडर, आरसा आणि पर्स आळीपाळीनं अडकवली.

काका दस्तलेखक होते. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर निंबाखाली त्यांचं टेबल. चाळीस वर्षं तिथं बसून त्यांनी लोकांची खरेदीखतं लिहिली. बोलायचे अस्सल वऱ्हाडी, पण कागदावर पेन टेकला की भाषा इस्त्री केल्यासारखी सरळ व्हायची. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, मग मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. त्या ‘लिहून घेणार’ मधूनच हा घेणारा निघून त्यांच्या घरात शिरला होता. संध्याकाळी सायकल लावता लावता दिवसाची हकिकत सांगायचे. आज एक बाई सही करताना रडली. आज दोघं भाऊ एकमेकांकडे न पाहता अंगठे देऊन गेले. “देणारा रडतेच,” असं म्हणायचे, “घेणारा कधी रडत नाही. तो भिंतीवर टकटक करून पाहते.”

काय केलं म्हणजे घराची किंमत वाढते आणि काय केलं म्हणजे पैसा मातीत जातो, हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या बँकेतली माणसं घर दुरुस्तीला काढण्याआधी त्यांच्याकडे येऊन बसायची. कुणी छताला पीओपी करायचं म्हटलं की काका मान हलवायचे. कुणी स्वयंपाकघरात तऱ्हेतऱ्हेची कपाटं करायची म्हटली की विचारायचे, ती कोणासाठी? घेणाऱ्याची बायको आल्या आल्या पहिले तेच उखडून टाकणार. “पाणी, रस्ता, उजेड, कोरडी भिंत अन सरळ कागद. घर याच्यावर इकते. बाकी सगळी आपली हौस. हौस कोणी इकत घेत नाही.” लोक जाताना पाया पडायचे इतकं ते खरं असायचं.

स्वतःच्या घरात तर त्यांनी हौस औषधालाही ठेवली नव्हती. सगळ्या भिंती बदामी, कारण बदामी रंगावर कुणी भांडत नाही. काकूंची तुळस कुंडीत, कारण घेणारा कोणत्या धर्माचा निघेल सांगता येत नाही. ईशान्येचा कोपरा रिकामा, कारण काकांचा वास्तुशास्त्रावर विश्वास नसला तरी घेणाऱ्याचा असू शकतो. गेट बारा फुटांचं, आतून मोटार यावी असं. त्या गेटातून काकांची सायकल आत यायची. गाडीसाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडखाली काकू उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायच्या आणि काका घरी यायच्या आत उचलून ठेवायच्या. न्हाणीघराशेजारी कमोड बसवला होता. दोघांनाही त्याची सवय नव्हती. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण तसंच होतं आणि काका दर रविवारी ते पुसायचे.

काळ्या मातीवरचं घर. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते आणि घर त्या दोघांच्या मधे सापडतं. मेच्या उन्हात, माणसं कूलरसमोरून हलत नसताना, काका डोक्याला दुपट्टा गुंडाळून घराच्या चारी बाजूंनी पाणी सोडत फिरायचे. तरी भेगा पडायच्याच. दसरा झाला की मिस्त्री यायचा आणि भेगा बुजवून जायचा. आजारी माणसाचा ताप बघावा तशी काका रोज सकाळी एकेका भेगेवर बोट फिरवायचे.

या घरात फक्त काकूंचं काहीतरी अडलेलं होतं, आणि ते म्हणजे ओटा.

काकू उंचीनं लहान, चार फूट आठ. काका सहा फुटाला एखादा इंच कमी. दोघं बाजारात निघाली की काकू त्यांच्या सावलीतून चालायच्या. घर बांधताना काकांनी स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा घातला तो चौतीस इंच उंच, चांगल्या घरात असतो तसा. काकूंचे हात त्यावर कोपरातून वर जायचे. भाकरी थापायची म्हटली तर खांदे कानाला लागायचे. मग काकांनीच एक जाड लाकडी पाट करून घेतला, खाली पट्ट्या ठोकून उंच केला. काकू त्याच्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. डबा काढायला उतरायचं, परत चढायचं. मीठ घ्यायला उतरायचं, परत चढायचं. एकदा मी सहज मोजलं, दोन माणसांच्या सकाळच्या जेवणात एकोणचाळीस वेळा.

“आमच्या घेणाऱ्याची बायको लंबी आहे, पोरी,” काकू मला म्हणायच्या. “मी तिच्या ओट्यावर सैपाक करून राहिली.”

असं म्हणून हसायच्या. तक्रार करायचा त्यांचा स्वभावच नव्हता. दिवाळीच्या आधी मिस्त्री आला की वर्षातून एकदा विचारायच्या, “यंदा ओटा थोडा खाली होते काय?” आणि काका म्हणायचे, “घेणाऱ्याले बुटका ओटा चालत नाही.” तेवढ्यावर वर्ष निघायचं. मी शनिवारी अमरावतीला जायची, सोमवारी परत यायची, तेव्हा माझ्यासाठी झाकून ठेवलेली भाजी-भाकरी त्याच ओट्यावर असायची. आईच्या हातचं सोडून आल्याचं त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही.

आता त्या रविवारबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

मिस्त्री येण्याच्या आधीच्या रविवारी काका ‘फेरा’ काढायचे. कुणीतरी परक्या माणसासारखं गेटाबाहेर जायचं, घेणारा म्हणून आत यायचं आणि सगळं घर बघून खरं काय ते बोलायचं. आधी हे काम शेजारच्या एका मास्तरांकडे होतं. मी आल्यावर माझ्याकडे आलं. काका पाठीमागे हात बांधून मागून चालायचे, अवाक्षर बोलायचे नाहीत. काकू ताटलीत पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असायच्या, कारण घेणाऱ्याला पाणी द्यावं लागतं. पहिल्या वर्षी मी सगळं छान छान म्हटलं तर काका नाराज झाले. “घेणारा असा गोड बोलत नसते. लाजाचं नाही. तुमी आता माडीवरच्या मॅडम नाही.” मग मी शिकले. नळाचा पाझर, दाराची कुरकुर, कोपऱ्यातला ओलीचा डाग, सगळं बोलून दाखवायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. बँकेत दिवसभर सगळ्यांना हो हो करावं लागायचं. इथं वर्षातून एकदा नाक मुरडायची मुभा होती आणि त्याचं कौतुकही व्हायचं.

माझ्या सहाव्या वर्षी काकूंच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलं. त्या वर्षी काकूंनी विचारलं नाही, सांगितलं. “अवो, यंदा ओटा खाली घ्या. माहे गुडघे आता आयकत नाही.” तिसऱ्या दिवशी काकांनी त्यांना पाटावरून उतरवून ओट्याजवळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि शेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं एक आडवी रेघ ओढली. अठ्ठावीस इंच. त्या दिवशी काकूंनी पाटोड्यांचा रस्सा केला आणि मला खाली जेवायला बोलावलं. जेवताना त्यांची नजर सारखी त्या रेघेकडे जात होती.

रविवारी फेरा निघाला. मी स्वयंपाकघरात आले. काकांनी रेघेवर बोट ठेवलं.

“समजा ओटा इथपर्यंत आहे. घेणारा म्हणून सांगा.”

मी रेघेजवळ तळहात धरून पाहिला. माझ्या मांडीपर्यंत आला. आणि विचार न करता, अगदी घेणाऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले, “बुटका आहे. आत आल्या आल्या तेच डोळ्यात येईल.”

काकू दारात ताटली धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग ग्लास माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, “पाणी घे.” मी पाणी प्याले. प्यायला लागल्यावर मला समजलं मी काय बोलून बसले ते.

संध्याकाळी मी खाली गेले. म्हटलं, काका, मी उगाच बोलले, ओटा खाली घ्या. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “उगाच नाही. तुमी खरं बोलल्या. खरं बोलाले तं बोलावलं होतं.” सोमवारी मिस्त्री आला, भेगा बुजवून गेला. काकू पाटावर चढून चहा करत होत्या.

मला काकांचा फार राग आला होता. स्वतःचा आला होता तो त्यांच्यावर काढत होते असंही असेल. चारदोन दिवसांनी काकूंजवळ मी बडबडले, हा माणूस जिवंत बायकोपेक्षा न जन्मलेल्या गिऱ्हाइकाचा विचार करतो. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “त्यायले दोष नको देऊ. तुले अकोटचं माहीत नाही.”

आणि त्यांनी सांगितलं. काकांचे वडील अकोटला भिक्षुकी करायचे. त्यांनी हौसेनं घर बांधलं आणि घराच्या ऐन मध्यावर, सगळ्यात मोठ्या खोलीत, दगडी चौथऱ्याचं देवघर केलं. देव विधीनं स्थापन केले. पुढं काकांच्या आईला पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला नेऊन ऑपरेशन करायचं तर घर विकणं भाग होतं.

“मंग घर पाहाले माणसं येत,” काकू म्हणाल्या. “सगळं घर पाहत, खुश होत, अन देवघरापाशी येऊन थांबत. स्थापन केलेले देव हलवाचे कसे? अन नाही हलवले तं एवढं सोवळं पाळाचं कोणी? पाणी पिऊन निंघून जात. तीन वर्षं घर अडलं, बाई. सासूबाई गेल्या, त्याच्यानंतर इकलं. हे तवा एकोणीस वर्षांचे होते. येणाऱ्या घेणाऱ्याले पाणी यायनंच नेऊन द्यावं.”

निवडलेले तांदूळ त्यांनी सुपातून पातेल्यात ओतले. “माहे गुडघे दुखते तं दुखू दे. पण घर अडलं नाही पायजे, हे त्यायच्या जिवात बसलं आहे. मी कायले काढू?” त्यानंतर त्यांनी ओट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मात्र स्वयंपाकघराला रंग द्यायला माणूस आला तेव्हा ती पेन्सिलची रेघ त्यांनी पुसू दिली नाही. त्याला म्हणाल्या, तेवढी सोडून रंगव बाबू.

माझी बदली परत अमरावतीला झाली. निघताना काकांनी माझ्या खोलीच्या चारी भिंती नीट पाहिल्या आणि एकच खिळा दिसल्यावर समाधानानं मान डोलावली. काकूंनी कुरडयांचा डबा दिला. दोनेक वर्षं फोन चालू होते. एकदा मार्गशीर्षात काकांचा फोन आला. एरवी ते बँकेच्या, पावसाच्या, जमिनीच्या भावाच्या गोष्टी करायचे. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “ते पडली. पाटावरून.”

तव्यावरची भाकरी उलटताना काकूंचा पाट सरकला होता. खुब्याचं हाड मोडलं. मी रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून गेले तेव्हा ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या होत्या, पण वॉकर घेऊन पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं उरलं होतं. कमोडवरचं प्लॅस्टिक निघालं होतं. काकांनी मला ते दाखवलं. “पाहा, कामी आलं ना?” असं म्हणाले. ते अंगणात जाऊन पाण्याची नळी उचलून उभे राहिले, डिसेंबरात, जमीन ओली असताना.

स्वयंपाक काका करायला लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून सांगायच्या, आता मोहरी टाका, आता गॅस कमी करा. मी गेले की त्यांचं हसणं तसंच होतं. “आता मालूम झालं घेणाऱ्याची बायको कोण ते,” म्हणाल्या. “हेच आहे. लंबे.” चौदा महिने त्या अशा बसल्या. नंतरच्या हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि चार दिवसांत गेल्या. त्या ओट्यापाशी त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

तेराव्याला मला जाता आलं नाही. गेले ते तीन महिन्यांनी, कडक उन्हात. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, कमरेतून अर्धे वाकलेले, मान खाली. शेजारच्या भिंतीवर ती रेघ होती आणि ओटा बरोबर रेघेला लागून होता.

“काका, हे कधी केलं?”

“तेरावं झालं अन दुसऱ्या दिवशी मिस्त्रीले बोलावलं. तो म्हणे, आता कायले? मी म्हटलं, रेघ आहे ना, तिथपर्यंत आण.”

“कंबर दुखत असेल.”

“दुखते,” ते म्हणाले. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. वाफेतूनच म्हणाले, “मॅडम, घेणारा म्हणून सांगा.”

मला रडू आलं. म्हटलं, “मला नाही सांगता येणार काका. मी मागे काकूंसमोर बुटका म्हणाले होते.”

“तुमी ओट्याले म्हटलं होतं,” ते म्हणाले. “तेबी एक डाव. तिले मी म्हटलं. दर दिवाळीले.”

त्यांनी मला ताट वाढलं. भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं करपलेली. आम्ही दोघं जेवलो. पाट कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता.

पुढची दोन वर्षं ते एकटेच तिथं राहिले. नंतर डोळे अधू झाले, आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं आणि घर विकायचं ठरवलं. एका सकाळी मला काकांचा फोन आला. आवाजात जुनी हुशारी होती. “मॅडम, घेणारा येऊन राहिला. सोमवारी. तुमी या. तुमाले घेणाऱ्याची सवय आहे.” मी रजा टाकली. गेले तर घर आरशासारखं पुसलेलं. भेगा बुजवलेल्या, खिडक्या उघड्या, गेटाला नवा रंग, टाकी काठोकाठ. काकांनी पांढरा सदरा घातला होता. माझ्या हातात ताटली-ग्लास देऊन म्हणाले, पाणी तुमी द्या.

घेणारा चांगल्या घरचा तरुण मुलगा होता, बोलायला मऊ. अपार्टमेंट बांधणारा. बारा फुटांच्या गेटाबाहेर त्यानं गाडी उभी केली आणि बरोबरच्या माणसाला टेप धरायला लावून रस्त्याची रुंदी मोजली, प्लॉटचं तोंड मोजलं, नाली कुठून जाते ते पाहिलं. काका गेटात उभे राहून वाट पाहत होते.

“आत या ना,” ते म्हणाले. “उजेड पाहा. भिंतीले ओल नाही.”

“कायले काका,” तो मुलगा म्हणाला, अगदी आदरानं. “घर तं काढाचंच आहे.”

“सैपाकघर तरी पाहून घ्या एकदा.”

तो हसला. मी पुढं केलेला ग्लास त्यानं गेटाबाहेरच उभ्या उभ्या घेतला, पाणी प्याला, थँक्यू म्हणाला. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस चपला काढून उंबऱ्याच्या आत आलाच नाही. गाडी गेल्यावर काकांनी वळून एकेक खिडकी लावून घेतली.

महिनाभरानं रजिस्ट्री. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. निंबाखालची टेबलं केव्हाच गेली होती. आता सगळं कॉम्प्युटरवर. टाइप करणारा एकेकाळी काकांच्या हाताखाली शिकलेला होता, आणि मिळकतीचं वर्णन काकांनी त्याला स्वतः तोंडी सांगितलं होतं. चतुःसीमा झाली, क्षेत्रफळ झालं. त्याच्याखाली एक ओळ होती. ‘सदर मिळकतीवरील राहते घराचे स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असून त्याची जमिनीपासून उंची अठ्ठावीस इंच आहे.’

घेणाऱ्याच्या वकिलानं त्यावर बोट ठेवलं. “हे कावून लिहिलं, काका? जुनं बांधकाम म्हटलं की झालं. तसंही पाडाचंच आहे.”

“पाडा,” काका म्हणाले. “मी कुठं नाही म्हणतो? पण दस्त करतेवेळी जे आहे ते लिहा लागते. मी जलमभर लिहिलं आहे.”

वकिलानं घेणाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, राहू द्या, काय फरक पडते. काकांनी कागद डोळ्याजवळ नेऊन ती ओळ पुन्हा वाचली आणि सही केली. ते रडले नाहीत. मग कारकुनानं मला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तिथं सगळ्यांना विचारतात ते विचारलं, लिहून देणाऱ्यांना तुम्ही ओळखता का? मी म्हटलं, ओळखते.

मागच्या महिन्यात बँकेच्या कामानं अकोल्याला गेले होते तेव्हा जठारपेठेतून रिक्षा मुद्दाम वळवून घेतली. घर नाही. पाच मजल्यांचा सांगाडा उभा आहे. काका पुण्याला असतात. मुलगा म्हणतो, आताशा फार बोलत नाहीत. पण तो दस्त सरकारदरबारी आहे आणि राहील. त्यात काकूंचा ओटा अठ्ठावीस इंच आहे. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.